मित्रकोळी ‘कीड दिसली की धावतो’? कसा धावेल?

मित्रकोळी म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या लाल कोळी या किडीला खाणारा इवलासा जीव. त्याच्याविषयी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘मित्रकोळी प्लॉटमध्ये कुठेही सोडा. लाल कोळी दिसला की तो धावतो, फडशा पाडतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. फक्त लव असलेली पानं त्याला चालत नाहीत.’

पहिला घोळ ‘दिसला की’ इथेच आहे. लाल कोळ्यावर सोडतात तो फायटोसिउलस पर्सिमिलिस, आणि त्याचं अख्खं कुळ, आंधळं. डोळेच नाहीत. पुढचे दोन पाय उचलून चाचपत, वास घेत चालतो. लाल कोळ्याने पानातला रस शोषला की झाडाचा वास बदलतो. मिथाइल सॅलिसिलेट हा त्यातलाच एक घटक. नेदरलँड्समध्ये साबेलिस, डिके या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हे तपासलं. दुफाटी नळीच्या एका फाट्यातून निरोगी झाडावरची हवा, दुसऱ्यातून कीड लागलेल्या झाडावरची. बहुतेक मित्रकोळी दुसरीकडे वळले.

‘कुठेही सोडा’ म्हणणाऱ्याने एवढं ध्यानात घ्यावं, की त्याला पंख नाहीत. लांबचा प्रवास वाऱ्याच्या भरवशावर. लाल कोळ्याने ठिपके पाडलेल्या पानांवरच सोडलेला बरा.

मुक्कामाचं म्हणाल तर पर्सिमिलिस जवळपास लाल कोळ्यांवरच जगतो. ते संपले की निघतो, नाहीतर उपाशी मरतो. अँब्लिसियस स्विर्स्कीसारखे दुसरे मित्रकोळी परागकणांवरही भागवतात, म्हणून टिकतात.

आता लव. इथे मजकूर चक्क उलटा आहे. द्राक्षाचं पान पालथं करून मोठ्या शिरा फुटतात त्या बेचक्यात भिंगाने बघा. बऱ्याच जातींत तिथे केसांचा झुपका असतो. कॉफीच्या पानावर त्याच जागी बारीक खळगा. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लुंडस्ट्रोम यांनी १८८७ मध्येच याला कोळ्यांची घरं म्हटलं होतं. मित्रकोळी तिथे लपतात, अंडी घालतात. लवेत अडकलेले परागकण आयते मिळतात, ओलही जरा टिकते. कीड नसलेल्या पानावरही ते सापडतात ते यामुळे. कॅलिफोर्नियात अग्रवाल आणि कार्बान या संशोधकांनी कपाशीच्या पानांवर कापसाचे पुंजके चिकटवून असे कृत्रिम आडोसे केले (१९९७), तर परभक्षी कीटक वाढले, उपद्रवी कोळी घटले आणि बोंडंही जास्त धरली.

मजकुरात तथ्य आहे ते टोमॅटोपुरतं. तिथले केस चिकट द्रव सोडतात, त्यात पर्सिमिलिसचे पाय अडकतात. पण कोरडी हवा याहून घातक: आर्द्रता ६० टक्क्यांच्या बरीच खाली राहिली की त्याची अंडी सुकतात, मग पान गुळगुळीत असो की केसाळ.