बोईंगनं म्हणे एक पैसा घेतला नाही! त्या फॉरवर्डचं एकेक करून बघू

सोलापुरात चाटी गल्लीपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत टॉवेल-चादरवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विमानं बनवणारी युरोपची एअरबस तिथल्या सरकारांच्या पैशावर मोठी झाली, अमेरिकेची बोईंग मात्र एक पैसा न घेता स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली, म्हणून डब्ल्यूटीओनं (जागतिक व्यापार संघटनेनं) एअरबसला साडेसात अब्ज डॉलरचा दंड ठोकला आणि अमेरिकेनं तो वसूल केला. सबसिडीवर जगभर बंदी आहे. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के ड्युटी (आयात कर) लावली ती त्यामुळंच. सोलापूरच्या विमानाला सरकार पैसे देतंय तेपण बेकायदा. आणि खाली ते नेहमीचं, "जास्तीत जास्त शेअर करा".

मालक, शेअर करायच्या आधी जरा थांबा की.

पहिलं, बोईंगची हिंमत. ६ ऑक्टोबर २००४ ला अमेरिकेनं एअरबसच्या सबसिडीवरून डब्ल्यूटीओत केस टाकली, हे खरंय. पण त्याच दिवशी युरोपनं बोईंगवरून उलटी केस टाकली आणि ती केस युरोप जिंकला, हे फॉरवर्डवाल्यानं सोयीनं गाळलंय. बोईंगला नासा आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून संशोधनाच्या नावाखाली पैसा मिळत होता, निर्यातीच्या कमाईवर टॅक्समध्ये सूट होती, आणि वॉशिंग्टन राज्यानं (राजधानीचं शहर नव्हे, सिएटलवालं राज्य) विमानवाल्यांचा धंद्यावरचा टॅक्स ०.४८४ टक्क्यांवरून ०.२९०४ वर आणून दिला होता. आकडा बघून हसू नका, तो नफ्यावर नाही, उलाढालीवर लागतो. २०१३ ला हीच सूट २०४० पर्यंत वाढवली तेव्हा तिची किंमत ८.७ अब्ज डॉलरच्या आसपास धरली गेली होती. २०११ ला डब्ल्यूटीओच्या पॅनेलनं (केस ऐकणाऱ्या पंचांनी) बोईंगच्या खात्यावर कमीत कमी ५.३ अब्ज डॉलरची सबसिडी धरली आणि २०१२ च्या अपीलातही मुख्य गोष्टी टिकल्या. आता तुम्हीच सांगा, एक पैसा न घेता म्हणजे किती?

याचा अर्थ एअरबस धुतल्या तांदळासारखी आहे असा मुळीच नाही. तिथं फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, स्पेन ही सरकारं नवीन मॉडेल काढायच्या आधीच पैसे द्यायची, त्याला लॉन्च एड म्हणतात. म्हणजे समजा, तुम्हाला कुणीतरी नवे माग घ्यायला पैसे दिले आणि सांगितलं, टॉवेल विकला गेला तर नगामागं इतके परत करा, नाहीच विकला तर राहू द्या. असं कर्ज कुठली बँक देईल? डब्ल्यूटीओचा आक्षेप नेमका इथंच होता. बाजारात असल्या जोखमीच्या पैशाला जे व्याज पडलं असतं त्यापेक्षा कमी भावात पैसा मिळाला, तर तो फरक म्हणजे कंपनीचा फायदा, आणि तीच सबसिडी. ए३८० घ्या, ते दुमजली विमान. २५१ नग गिऱ्हाइकांना दिले आणि २०२१ मध्ये काम बंद. एवढ्या कमी विक्रीवर विमानामागं हप्ता पूर्ण कसा फिटायचा? बरं, हा प्रकार चोरून चालला होता असंही नाही. १९९२ ला अमेरिका आणि युरोपनं बसून करार केला होता की सरकारनं विकासखर्चाच्या ३३ टक्क्यांपर्यंतच मदत द्यायची, म्हणजे तेवढी अमेरिकेनंच चालवून घेतली होती. २००४ ला अमेरिका त्यातनं बाहेर पडली आणि मग हे कोर्टकज्जे.

दुसरं, दंड. डब्ल्यूटीओ कुणाला दंड करत नाही ओ, त्याच्याकडं ना पोलीस ना वसुली खातं. ऑक्टोबर २०१९ मध्ये लवादानं अमेरिकेला एवढंच सांगितलं की युरोपनं निकाल नीट पाळला नाही, तेव्हा वर्षाला साधारण ७.५ अब्ज डॉलरच्या युरोपियन मालावर तुम्ही जादा ड्युटी लावू शकता. ती मर्यादा होती, चेक नव्हता! एअरबसच्या खात्यातनं दंड म्हणून एक डॉलर अमेरिकेला गेला नाही. १८ ऑक्टोबर २०१९ पासून अमेरिकेनं युरोपच्या विमानांवर १० टक्के (पुढच्या मार्चमध्ये १५) आणि स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की, वाइन, चीज, ऑलिव्ह असल्या गोष्टींवर २५ टक्के लावले. ही ड्युटी भरतो कोण, तर अमेरिकेतला आयात करणारा, आणि शेवटी दुकानातलं गिऱ्हाईक. म्हणजे भांडण विमानाचं आणि मार खाल्ला चीजवाल्यानं. मला तर या सगळ्या प्रकरणात राग येतो तो याचाच, कारण त्या ऑलिव्हवाल्या शेतकऱ्यानं आयुष्यात कधी पंखाचा एक स्क्रूही बनवला नसेल.

आणि वर्षभरानं, ऑक्टोबर २०२० ला, युरोपलाही तशीच परवानगी मिळाली, वर्षाला साधारण ४ अब्ज डॉलरची. नोव्हेंबरात त्यांनी बोईंगच्या विमानांवर १५ टक्के आणि अमेरिकेचे ट्रॅक्टर, रम, व्होडका अशा मालावर २५ टक्के ठोकले. वॉशिंग्टन राज्यानं ती टॅक्सची सूट तोवर, एप्रिल २०२० पासून, स्वतःहून काढून टाकली होती, तरी भांडण थांबलं नाही. शेवटी १५ जून २०२१ ला दोघांनी पाच वर्षांसाठी ड्युट्या बाजूला ठेवल्या. सतरा वर्षं केस लढून निघालं काय, तर तह. जिंकलं कोण, हे फॉरवर्डवाल्यालाच विचारा.

तिसरं, "सबसिडीवर जगभर बंदी". हे तर सगळ्यात चुकीचं. डब्ल्यूटीओच्या नियमात सरळ बंदी दोनच प्रकारांवर आहे, निर्यात केली तरच पैसे आणि देशी माल वापरला तरच पैसे. बाकीची सबसिडी ठराविक उद्योगाला मिळत असेल आणि त्यानं दुसऱ्या देशाचं नुकसान झालं असं सिद्ध झालं, तरच केस उभी राहते. एअरबसच्या केसमध्ये अमेरिकेनं ए३८० ची काही मदत या बंदीवाल्या प्रकारात घालायचा प्रयत्न केला होता, पॅनेलनं मानलंही, पण २०११ ला अपीलात ते उडालं.

सोलापूरच्या विमानाचं एका ओळीत उरकतो. डब्ल्यूटीओचे हे सबसिडीचे नियम मालासाठी आहेत, प्रवासी वाहतूक ही सेवा, त्यातनं देशातल्या देशात, तिथं डब्ल्यूटीओचा काय संबंध? होटगी रोडच्या विमानतळावरनं गोव्याला जाणारं ते एटीआर विमान ज्या कंपनीनं बनवलंय त्यात अर्धी मालकी एअरबसचीच आहे, ही गंमत मात्र खरी.

आता आपल्या पोटाचा मुद्दा, ५० टक्के. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर जे लावलं त्यात २५ "रेसिप्रोकल" (जशास तसं) आणि २५ रशियाचं तेल घेतो म्हणून. टॉवेलला सबसिडी मिळते का, हे कुणी तपासलंसुद्धा नव्हतं. सबसिडीवरची ड्युटी वेगळी, तिला काउंटरव्हेलिंग ड्युटी म्हणतात आणि ती अशी रातोरात लागत नाही. आधी अमेरिकेचं वाणिज्य खातं सबसिडी मोजतं, मग तिथला ट्रेड कमिशन बघतो की तिथल्या कारखान्याचं खरंच नुकसान झालंय का. कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीवर २०१७ मध्ये बोईंगनं अशीच तक्रार केली, वाणिज्य खात्यानं सगळं धरून २९२ टक्क्यांच्या आसपास ड्युटी काढली, पेपरांत बोंबाबोंब झाली, आणि जानेवारी २०१८ ला कमिशननं ४ विरुद्ध ० नं सांगितलं, बोईंगचं काही नुकसान नाही. २९२ चं झालं शून्य! आणि तोवर त्या विमानाच्या धंद्यात निम्म्याहून जास्त वाटा घ्यायचं एअरबसनं ठरवूनही टाकलं होतं, आज तेच विमान ए२२० नावानं विकलं जातं. बोईंगनं स्वतःच्या हातानं ते विमान शत्रूच्या दारात नेऊन सोडलं म्हणायचं.

म्हणजे आपल्याला काहीच धोका नाही का? आहे, पण फॉरवर्डमध्ये लिहिलाय तो नाही. अमेरिकेनं २०१८ ला भारताच्या निर्यात योजनांवर डब्ल्यूटीओत केस केली होती आणि ३१ ऑक्टोबर २०१९ ला पॅनेलचा निकाल बऱ्यापैकी आपल्या विरोधात गेला. एमईआयएस (निर्यातीवर बक्षीस), ईपीसीजी (निर्यातदाराला मशिनरीच्या आयातीवर ड्युटीत सूट), सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र), सगळं त्यात होतं. कारण तोच, निर्यात केली तरच फायदा. गरीब देश म्हणून मिळणारी सवलत आपण माणशी उत्पन्नाची १००० डॉलरची रेषा सलग तीन वर्षं ओलांडल्यावर संपली होती. भारतानं नोव्हेंबरात अपील केलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये अपीलाचं खंडपीठच बंद पडलं, कारण अमेरिका तिथं नवीन माणसं नेमूच देत नव्हती, त्यामुळं ते अपील लटकूनच पडलं, आणि २०२३ ला दोन्ही देशांनी ती केस आपसात मिटवली. एमईआयएसची स्क्रिप (ड्युटी भरायला चालणारं सरकारी क्रेडिट) बंद झाली ती अपील लटकलेलं असतानाच, आणि १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप ही योजना आली. तयार कपडे आणि टॉवेल-चादरीसारख्या मेड-अप्सना २०१९ ला आरओएससीटीएल ही योजना आली. या नव्या योजना वेगळ्या कशा, तर यात सरकार बक्षीस देत नाही, मालावर आधीच बसलेला टॅक्स परत करतं, म्हणजे डिझेल, वीज, मंडी टॅक्स वगैरे. भरलेला टॅक्स परत केला तर डब्ल्यूटीओच्या हिशेबात ती सबसिडी नाही, भरल्यापेक्षा जास्त परत केला तर वरचा भाग सबसिडी. तेव्हा मेसेज पुढं ढकलण्यापेक्षा सीएकडं बसून वीजबिल, सुताची बिलं आणि शिपिंग बिलाप्रमाणं मिळालेली स्क्रिप समोरासमोर लावा. उद्या खरंच तपासणी आली तर अमेरिकेची प्रश्नावली हेच कागद मागणार.