लुकलुकणारा चेक इंजिन दिवा आणि व्हॉट्सॲपवरचा घातक सल्ला

‘चेक इंजिनचा दिवा लागला? गॅरेजवाल्याला एक पैसाही देऊ नका’ असा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे आणि तो आमच्या थोरल्या मामांपर्यंतही पोहोचला. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत : बॅटरीची वायर पंधरा मिनिटे काढली की बिघाड जातो, दिवा लुकलुकत असेल तर गाडी महामार्गावर जोरात पळवून कार्बन जाळावा, टाकीचे झाकण घट्ट करावे, स्कॅनर (गाडीतले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) सांगेल तो पार्ट बदलावा, आणि मुळात हे सारे इथेनॉलमुळे होते. मामांची गाडी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. त्यांनी पहिल्या दोन सूचना तंतोतंत पाळल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

दुसरी सूचना सर्वांत घातक आहे. दिवा स्थिर लागणे निराळे आणि लुकलुकणे निराळे. भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना सक्तीची झालेली ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून हा दिवा लावण्याची, प्रणाली युरोपीय धर्तीची आहे. त्याच धर्तीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ८३ क्रमांकाच्या वाहन नियमात, परिशिष्ट ११ मध्ये, असे स्पष्ट सांगितले आहे की, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागाला) इजा होण्याइतके मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन न पेटणे, होत असेल तोवर दिव्याने वेगळ्या पद्धतीने, उदाहरणार्थ लुकलुकून, इशारा दिला पाहिजे. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, त्यातले पेट्रोल न जळता हवेसकट एक्झॉस्टमध्ये जाते आणि तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये पेटते. मग त्याच्या आतली सिरॅमिकची जाळी वितळू लागते, एक्झॉस्टची वाट तुंबते आणि गाडीचा पिकअप जातो. अशा वेळी गाडी जोरात पळवणे म्हणजे दर मिनिटाला त्या जाळीवर आणखी पेट्रोल ओतणे होय. बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफचा, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागल्यावर काही अंतर एकसारख्या वेगाने चालवल्यास साचलेली काजळी जळते, हे खरे आहे आणि बहुधा हा सल्ला तिथूनच उचलला आहे. परंतु तो दिवाच वेगळा आहे आणि गाडीही.

मामांची गाडी थरथरत होती, मिसिंग मारत होती, तरी त्यांनी ती घाटात चढवली. नंतर मेस्त्रीने स्कॅनर लावला तेव्हा पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसफायर, असा कोड मिळाला. त्याने कोणताही नवा पार्ट न आणता पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाची) अदलाबदल केली आणि गाडी पुन्हा चालवली. कोड पी०३०३ झाला. म्हणजे दोष कॉइलसोबत सरकला. कोड तिथेच राहिला असता, तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन याच क्रमाने पुढे पाहावे लागले असते. एका कॉइलवर भागले असते. आता कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी०४२० हा कोडही आला आहे, आणि कन्व्हर्टरची किंमत कॉइलच्या कित्येक पट असते.

बॅटरीची वायर काढण्याने दिवा विझतो, यात शंका नाही. दहा नंबरच्या पान्याने टर्मिनल सैल केले की बहुतेक जुन्या गाड्यांच्या ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला, कोड पुसला जातो, पण त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम किती होते, लोड किती होता, कूलंट किती तापले होते, ही नोंद त्यात असते आणि अधूनमधून येणारा दोष शोधायला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नसते. अनेक दोष सलग दोन ड्रायव्हिंग सायकलमध्ये (इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करणे म्हणजे एक सायकल) दिसल्याखेरीज ईसीयू दिवा लावत नाही, म्हणून वायर जोडल्यावर एक-दोन दिवस सारे ठीक वाटते. दोष खरोखर गेला असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या त्याच नियमानुसार सलग तीन सायकलनंतर दिवा आपोआप विझू शकतो. त्यासाठी बॅटरीला हात लावण्याची गरज नाही.

झाकणाचा सल्ला अमेरिकेतून जसाच्या तसा आला आहे. तिथे टाकीतून होणारी वाफेची गळती तपासणे सक्तीचे आहे. युरोपीय धर्तीच्या जुन्या नियमांत पर्ज व्हॉल्व्हचे, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेचे, विद्युत सर्किट तपासणे पुरेसे होते, म्हणून मामांच्या गाडीसारख्या गाडीत सैल झाकणामुळे दिवा लागण्याची शक्यता कमी.

स्कॅनर पार्टचे नाव सांगत नाही, तक्रार सांगतो. ऑक्सिजन सेन्सरजवळ एक्झॉस्ट गळत असेल तरी पी०४२० येऊ शकतो, आणि फुटक्या व्हॅक्यूम पाइपमुळे पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड, येतो.

इथेनॉलच्या बाबतीत थोडे मान्य करावे लागेल. त्याच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ईसीयूला जास्त इंधन सोडावे लागते आणि आधीच फटीतून जादा हवा ओढणाऱ्या किंवा पंप थकलेल्या जुन्या गाडीत पी०१७१ ची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तेव्हा दोष कुठे आहे, हे फ्यूएल ट्रिमवरून, म्हणजे ईसीयू इंधन किती कमी-जास्त करते त्या आकड्यावरून, पाहावे : आयडलला ट्रिम खूप वाढलेला असून २५०० आरपीएमला तो खाली येत असेल, तर व्हॅक्यूमची गळती शोधावी, उलट लोडवर तो वाढत असेल, तर पंप, फिल्टर आणि एअर फ्लो सेन्सर तपासावेत. मामांची कॉइल मात्र इथेनॉलने जळालेली नव्हती.