सदाफुलीची पानं चावून कॅन्सर टळत नाही

‘सदाफुलीची चार-पाच पानं रोज उपाशीपोटी चावा, साखर उतरते आणि कॅन्सरही होत नाही, कारण कॅन्सरचं औषध याच झाडापासून बनतं’ असा मेसेज फिरतोय. फार्मसीची मुलंही तो पुढे ढकलतात, हे जरा जास्तच झालं.

झाडाचं खरं आहे. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कॅन्सरची औषधं सदाफुलीतूनच मिळतात. पण ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. चार पानांत काय येणार? शिवाय ही औषधं शिरेतूनच देतात, तोंडावाटे ती भरवशाने शोषली जात नाहीत. पानात शंभराहून जास्त अल्कलॉइड (शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त रसायनं) असतात, ते सगळे मात्र पोटात जातात.

साखरेचं म्हणाल तर १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक नेमकं हेच तपासत होते. उंदरांना अर्क पाजला, साखर हलली नाही. टोचला, तर पांढऱ्या पेशी धडाधड घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध हाती लागलं ते असं.

फार्मसीच्या परीक्षेच्या दृष्टीने एक बारकावा: व्हिनब्लास्टीनच्या रेणूत एका नायट्रोजनवर मिथाइल (CH₃) हा अणूंचा छोटा गट असतो, व्हिन्क्रिस्टीनमध्ये त्याच जागी फॉर्माइल (CHO). फरक एवढाच, पण पहिलं मुख्यतः अस्थिमज्जेला त्रास देतं, दुसरं मज्जातंतूंना. असल्या औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात, मूठभर पाल्यात नाही. मधुमेहाच्या गोळ्या सोडून पानं चावणारे घरात असतील, तर गोळ्या आधी सुरू करायला लावा.