मूल्यांचा क्रम आणि भोवतालचा मेळ
विद्यार्थ्यांची वैयक्तिक मूल्ये प्रदेशानुसार बदलतात आणि म्हणून त्यांचे सुखही बदलते, अशी मांडणी एका लेखात केली आहे. मूल्ये प्रदेशानुसार बदलतात हा तिचा पहिला भाग मला पटतो. त्यावरून सुखाबद्दल काढलेल्या निष्कर्षाबाबत मात्र घाई झाली आहे, असे वाटते.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी 1992 मध्ये मांडलेल्या, सुरक्षितता, यश, परोपकार यांसारख्या दहा मूलभूत मूल्यांच्या चौकटीत महत्त्व असते ते मूल्यांच्या परस्पर क्रमाला, म्हणजे माणूस कोणते मूल्य कोणत्याहून वर ठेवतो याला. लिलाख सागिव आणि श्वार्ट्झ यांनी 2000 मध्ये व्यवस्थापन आणि मानसशास्त्र या शाखांच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे की, एखादे मूल्य स्वतःहून किती सुख देते याबरोबरच ते आपल्या शाखेत रुजलेल्या मूल्यांशी किती जुळते, यावरही विद्यार्थ्याचे मानसिक स्वास्थ्य अवलंबून असते. एकाच प्रदेशात, एकाच विद्यापीठातही दोन विभागांचे वातावरण इतके वेगळे असू शकते की, प्रादेशिक सरासरीत हा फरक पूर्णपणे झाकला जातो आणि मनातून एकटा पडलेला विद्यार्थी आकडेवारीत कुठेच दिसत नाही. मला हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

मोजमापाचीही अडचण आहेच. जीवनसमाधान मोजणाऱ्या प्रश्नावलीतील पाच विधानांना 1 ते 7 गुण देताना विद्यार्थी स्वतःची तुलना बहुधा आसपासच्यांशीच करतो; त्यामुळे दोन प्रदेशांतील समान गुणांचा अर्थ समान असेलच असे नाही.

शिक्षणासाठी आपला प्रदेश सोडून आलेल्या विद्यार्थ्यांची नोंद अशा तुलनेत स्वतंत्रपणे घ्यायला हवी, कारण घरची मूल्ये आणि नव्या परिसरातील अपेक्षा यांचा ताण सर्वाधिक तेच सोसत असतात.