युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ नीट उमटतात

“युनिकोडमध्ये शुद्ध मराठी लिहिताच येत नाही, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. महत्त्वाचे कागद कृतीदेवमध्येच टाइप करा. युनिकोडला मराठी कीबोर्ड आणि इंटरनेट लागते.” हा मजकूर परवा भाचीपर्यंत पोचला आणि तिने नोकरीचा अर्ज कृतीदेवमध्ये टाइप करून ईमेलने पाठवला. आता मात्र उत्तर द्यायलाच हवे. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी प्रमाण पद्धत; कृतीदेव हा जुन्या धाटणीचा देवनागरी फॉन्ट.

आधी ‘ऱ्या’. युनिकोडच्या प्रमाणग्रंथात देवनागरीच्या प्रकरणातला आर ५ हा नियम वाचा. नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडण्याची खूण) जोडला की त्याचे अर्धे रूप म्हणून हा आडवा ‘र’ उमटतो, आणि तो मराठीत वापरतात, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर ‘दऱ्या’साठी क्रमाने ओ, शिफ्ट धरून जे, मग डी, तिरकी रेघ आणि ई दाबा. शिफ्ट धरायचा राहिला की साधा ‘र’ पडतो, त्याचा रफार होतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. चूक बोटाची आहे, युनिकोडची नाही.

कृतीदेवचा सल्ला तर नुकसानच करतो. त्यात ‘मराठी’ टाइप केले की फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच ही इंग्रजी अक्षरेच साठतात. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरी चेहरा चढवतो. समोरच्याच्या संगणकात तो फॉन्ट नसला की अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गाळ दिसतो. त्यात ‘मराठी’ शब्द शोधून सापडत नाही, नावांची यादी अकारविल्हे लागत नाही. असा अर्ज कोण वाचणार?

कीबोर्ड नेहमीचाच चालतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. पुढे विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. इंटरनेट लागलेच तर भाषा उतरवून घेताना, एकदा.

एक गोष्ट मान्य करावी लागते: पेजमेकर या छपाईची पाने जुळवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे जुन्या छापखान्यांत कृतीदेव, श्रीलिपी यांसारखे फॉन्ट अजून चालतात. तिथे द्यायचा मजकूरही युनिकोडमध्येच लिहा आणि शेवटी रूपांतर करून घ्या. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला. कृतीदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठतो, युनिकोडमध्ये नेमके उलटे; म्हणून गडबड तिथेच होते.