मळवलीला लोकल थांबते म्हणून

परवा रविवारी पुणे-लोणावळा मार्गावरच्या मळवलीला उतरले. निम्मी लोकल लोहगड-विसापूरला निघालेल्या पोरांनी भरलेली. ती पोरं भाजे गावाच्या बाजूला वळली, मुंबईकडचं एक कुटुंब ओटीचं सामान सांभाळत एकवीरेच्या बाजूला गेलं, आणि फलाटावर उरलो आम्ही गावातले.

माझं माहेर इथलं. दादांनी उभी हयात पहाटेच्या गाडीने पुण्याला दूध घातलं. किटल्या खिडकीच्या गजांना बाहेरून अडकवलेल्या, दूध हिंदकळू नये म्हणून तोंडाशी गवताची पेंढी कोंबलेली. घरी परतले की त्यांच्या सदऱ्याला दूध, लोखंड आणि ओलं गवत यांचा मिळून एक वास यायचा. आमची शिक्षणं, लग्नं त्या किटल्यांवर झाली.

हा लोहमार्ग काही कालपरवाचा नाही. १४ जून १८५८ ला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, तेव्हा बोरघाटात रूळ पडायचे होते. मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा आणि वर येऊन पुन्हा गाडी धरायचा. घाट १८६३ ला जोडला गेला. आणि वाट तर त्याहून कितीतरी जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी ह्याच घाटाने वर यायचे. कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या दात्यांची नावं आहेत, त्यांत यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. माणसं इथे थांबत होती म्हणून ती लेणी झाली, असं मला फार वाटतं.

स्टेशनातून भाज्याला जाताना एक्सप्रेस-वेवरचा पूल लागतो. खाली गाड्या सुसाट जातात. आमच्या उशाशी एवढा मोठा रस्ता, पण त्यावरून जाणाऱ्याला मळवली कळतसुद्धा नाही. रुळांवरूनही मेल-एक्सप्रेस धडधडत निघून जातात. १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल आहे, ती मात्र थांबते. कान्हे, कामशेत, बेगडेवाडी, घोरावाडी, सगळीकडे थांबते.

आणि दुपारी तीच फारशी नसते. रुळांच्या देखभालीसाठी गाड्या रोखून ठेवतात, तो ब्लॉक असतो, हे मान्य. दोनच लाइनी, त्यांवर मेल, मालगाडी आणि लोकल, हेही मान्य. पण सकाळी अकराला काम उरकलेल्या बाईने रिकामी पाटी घेऊन फलाटावर किती तास बसायचं? सकाळचं कॉलेज करणाऱ्या पोरीने? मेलला वाट द्यायला लोकल सिग्नलला उभी राहते तेव्हा डब्यात कुणी ब्रसुद्धा काढत नाही, इतकी सवय झाली आहे. मला ह्या सवयीचाच राग येतो. तिसरी-चौथी लाइन होईल तेव्हा होवो. तोवर ब्लॉकची वेळ आलटून-पालटून ठेवा, दुपारची गाडी वाढवा, आणि वेळापत्रक करताना आधी लहान स्टेशनं धरा. जुनं स्टेशन जपायचं म्हणून नुसती रंगरंगोटी आणि भिंतीवरची चित्रं नकोत. गाडी थांबली पाहिजे.

दादा आता घरीच असतात. गुडघे गेले. पण मी पुण्याहून निघाले की त्यांचा फोन येतो. कशी आहेस वगैरे नाही. पहिला प्रश्न एकच:

"कितीची मिळाली गं?"