स्वीडनने काहीच बंद केलं नाही म्हणे!

मामांनी पाठवलेला मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरत असणार. ‘कोरोनात स्वीडनने लॉकडाऊन लावला नाही, तिथली अर्थव्यवस्था ठणठणीत राहिली, मेले ते तसेही जाणारच होते, आपल्याला मात्र मास्क कंपन्यांनी भिकेला लावलं.’

स्वीडनने काहीच बंद केलं नाही, हे साफ खोटं. मार्च 2020 मध्येच 50 पेक्षा जास्त लोकांच्या जमावावर बंदी आली, मोठ्या मुलांचे वर्ग ऑनलाइन गेले आणि 1 एप्रिलपासून वृद्धाश्रमांतल्या भेटी थांबल्या.

आता ते ‘ठणठणीत’. डेन्मार्कने त्याच मार्चमध्ये बऱ्याच गोष्टी बंद केल्या, शेजारच्या स्वीडनने दुकानं-हॉटेलं चालू ठेवली. कोपनहेगनच्या अर्थतज्ज्ञांनी दोन्ही देशांतल्या एका मोठ्या बँकेच्या सुमारे 8.6 लाख ग्राहकांचे व्यवहार तपासले. लोकांचा खर्च डेन्मार्कमध्ये 29 टक्क्यांनी घटला. आणि दुकानं-हॉटेलं उघडी असलेल्या स्वीडनमध्ये? 25 टक्क्यांनी! म्हणजे 29 टक्क्यांच्या घटीत सरकारी टाळ्याचा वाटा जेमतेम चार टक्क्यांचा, बाकीचा धंदा रोगाच्या धास्तीनेच बसवला. सत्तरी ओलांडलेल्यांनी तर स्वीडनमध्येच हात जास्त आखडला. बाहेर विषाणू मोकाट असताना म्हातारं माणूस खरेदीला निघेल कशाला? मामांची स्वतःची पुण्यात खानावळ आहे. 9 मार्चला शहरात पहिले रुग्ण सापडले आणि लॉकडाऊनचं नावही नव्हतं तेव्हाच त्यांची दुपारची पंगत ओस पडायला लागली. मेसेज पुढे ढकलताना हे आठवू नये?

‘तसेही जाणारच होते’ हे लिहिणाऱ्याच्या घरात बहुतेक कोणी म्हातारं नसावं. 2020 अखेर स्वीडनमध्ये कोरोनाचे सुमारे 9 हजार मृत्यू, नॉर्वेत 500 च्या आत. लोकसंख्येत फरक जेमतेम दुपटीचा. ‘आपण अपयशी ठरलो’ असं त्या डिसेंबरात खुद्द स्वीडनचे राजे म्हणाले. पुढच्या वर्षांतले एकूण जादा मृत्यू (नेहमीच्या वर्षांपेक्षा जास्त झालेले) धरले तर स्वीडन युरोपात बऱ्यापैकी सावरलेला दिसतो, हे मान्य करावं लागतं.

आणि आपला लॉकडाऊन महाग पडला, हेही खरंच. एप्रिल ते जून 2020 मध्ये जीडीपी 23.9 टक्क्यांनी घसरल्याचा पहिला सरकारी अंदाज होता. पण चार तासांच्या सूचनेवर देश बंद करून हातावर पोट असलेल्यांना रस्त्यावर आणणं हा निर्णय वेगळा, आणि गर्दी रोखणं वेगळं. जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले 16 मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले, ते गर्दी रोखल्यामुळे नव्हे. घरी जायला गाडी नव्हती, म्हणून.

मास्क कंपन्यांच्या कटाला मी उत्तर देणार नाही.